दस्तगीर बसला ती जागा

भांडणातून निघालेला हा माझा पहिलाच प्रवास. एरवी मी देवदर्शनाला निघते, हवापालटाला निघते, झालंच तर कुणाच्या तरी लग्नाला निघते. या खेपेला मात्र मी निघाले ती सख्ख्या भाच्याला खोटं पाडायला.

निनाद, माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, सरकारी तेल कंपनीत इंजिनिअर आहे. दिवाळीत नाशिकला आमच्याकडे आला होता. जेवताना मी म्हटलं, "तुमची कंपनी करते तरी काय रे? बोटीतून तेल येतं, पंपावर विकलं जातं. भाव वाढला की आम्ही मुकाट्यानं भरतो. मधल्या मधे तुम्ही पगार घेता." पोरगं घास हातात धरून थांबलं. म्हणालं, "मावशी, तू टेलिफोन खात्यात होतीस तेव्हा लोक तुला काय म्हणायचे?"

हे म्हणजे नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवणं झालं. मी ट्रंक कॉल जोडण्यात उमेद घालवलेली बाई. फोन लागला की लोक लगेच पलीकडच्या माणसाशी बोलायला लागायचे, आणि नाही लागला की माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. तेव्हा मी त्याला आणखी भाजी वाढली. तो म्हणाला, "सांगली-साताऱ्यात आमची जमिनीखालची पाइपलाइन आहे, तिच्या देखभालीला मी असतो. एक दिवस तिच्यावरून चाल. मग काय बोलायचं ते बोल."

"येते," मी म्हटलं. "गुडघे दुखले तर बामाचा खर्च तुझ्याकडून घेईन."

संक्रांतीचे हळदीकुंकवाचे वाण संपवले आणि निघाले. पुण्यापर्यंत एसटी आणि पुढे रेल्वे. गाडीनं वाटेतलं एकही स्टेशन सोडलं नाही, त्यामुळे भिलवडी स्टेशनात उतरले तेव्हा चांगलाच अंधार पडला होता. निनाद जीप घेऊन आला होता. पलूसमध्ये तो चौगुले नावाच्या द्राक्ष बागायतदाराच्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहतो. चौगुल्यांचं घर जैन. दिवस मावळायच्या आत त्यांची जेवणं उरकतात, हे निनादनं मला सांगितलंच नव्हतं. मी हातपाय धुऊन, पोटात कावळे ओरडत असताना ओट्याकडे बघतेय, तर भांडी घासून पालथी घातलेली!

पण सून मोठी चलाख. तिनं माझ्यासाठी ताट वाढून झाकून ठेवलं होतं. मी एकटी जेवतेय आणि सगळं घर समोर बसून माझ्याकडे बघतंय, अशा थाटात मी दोडक्याची भाजी आणि ज्वारीची भाकरी खाल्ली. कधी नव्हे ती लाज वाटली. तरी दुसरी भाकरी घेतलीच.

चौगुलेकाका सत्तरीचे, आवाज खणखणीत. पाइप त्यांच्याही रानातून गेलाय. "जमीन आमचीच हाय बरं का, बाई," ते म्हणाले, "पण त्या पट्ट्यात हीर काढायची न्हाई, झाड लावायचं न्हाई, द्राक्षाच्या मांडवाचं लोखंडी अँगल रवायचं न्हाई. मग आमी तितं मेथी लावली. आता बाजारात लोक चेष्टा करत्यात, चौगुल्याची तेलावरची मेथी आली म्हनून."

"मग राग येत नाही?"

"आला हुता की. लय आला हुता. पन आमच्या ट्रॅक्टरला तेल कुठनं येतंय? कुनाच्या तरी रानातनंच येत असंल का न्हाई?" एवढं बोलून ते झोपायला गेले.

सकाळी निनाद मला आधी तेलाच्या डेपोवर घेऊन गेला. समुद्रावरून घाट चढून आलेलं तेल इथे पांढऱ्या टाक्यांमध्ये विसावतं. काही टँकरमध्ये भरून गावोगाव जातं, काही तसंच जमिनीखालून पुढे दुष्काळी माणदेशाकडे निघतं. फाटकावर पहारेकऱ्यानं माझी पिशवी तपासली आणि आतून काडेपेटी काढली. म्हसवडच्या सिद्धनाथाला लावायला मी उदबत्त्या नि काडेपेटी घेतली होती. त्यानं काडेपेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. एखादी बाई पर्समध्ये नाग घेऊन आल्यासारखा चेहरा होता त्याचा. काडेपेटी जमा झाली ती झालीच. परत घ्यायची मी विसरले, आणि सिद्धनाथासमोर दुसऱ्या बाईच्या निरांजनावर उदबत्ती लावावी लागली.

दुपारी कराडवरून उंब्रजला आलो. हमरस्त्यावरचं मोठं गाव, वाहनांची ये-जा थांबतच नाही. निनादच्या कंपनीच्या पंपावर जीप उभी केली. तिथे एक म्हातारबाबा जुन्या मोपेडवर आले. धोतर, टोपी, पायात करकरणाऱ्या वहाणा. पेट्रोल भरायच्या आधी त्यांनी हुकूम सोडला, "कागद आन."

पंपावरच्या मुलीनं निमूटपणे एक पांढरा टिपकागद आणला, नळीचं तोंड पुसून त्यावर पेट्रोलचा एक थेंब सोडला. बाबांनी कागदावर फुंकर घातली, उन्हात धरला. थेंब उडून गेला, कागदावर डाग राहिला नाही, म्हणजे भेसळ नाही. "हां. घाल आता शंभराचं," बाबा म्हणाले.

"हे कोणीही मागू शकतं?" मी निनादला विचारलं.

"कोणीही. हक्क आहे तुझा. माप तपासून मागता येतं, हवा फुकट, पाणी फुकट." मग हसून म्हणाला, "हे बाबा रोज येतात. रोज कागद मागतात."

मी इतकी वर्षं पंपावर जातेय, कधी कागद मागितला नव्हता. मात्र शिव्या रोज दिल्या होत्या. पण ही गोष्ट मी निनादजवळ कबूल केली नाही, उगाच शेफारला असता.

उंब्रज सोडून आम्ही मसूर, पुसेसावळी, वडूज, दहिवडी असं पूर्वेला निघालो. तासातासाला हिरवा रंग उतरत गेला. ऊस मागे राहिला, मग मका, मग ज्वारी, मग नुसती माळरानं. पठारावर पवनचक्क्या सावकाश फिरत होत्या. एका वळणावर मेंढ्यांचा कळप आडवा आला आणि आम्ही जीप बंद करून बसलो. सगळ्यात शेवटच्या मेंढीनं जीपच्या टायरला मान घासली आणि निघून गेली. म्हसवडला पोचलो, सिद्धनाथाचं दर्शन घेतलं आणि भक्तनिवासात पडले ती सकाळीच उठले.

सकाळी मला न्यायला दस्तगीर मुलाणी आला. हा या पाइपलाइनचा गस्तवाला. पाइपाच्या पट्ट्यावरून रोज काही कोस चालायचं, कुणी खणत नाही ना, तेल झिरपत नाही ना, पाइपाची खूण म्हणून रोवलेले, कंपनीचा फोन नंबर लिहिलेले पिवळे दगड जागेवर आहेत ना हे बघायचं, हे त्याचं काम. चाळिशीचा, अंगावर लाल-पिवळं जाकीट, हातात काठी, खिशात एक छोटं यंत्र. तो कुठे आहे ते यंत्रावरून दूरच्या कंट्रोल रूमला सतत कळतं. चहा प्यायला जरा जास्त टेकला तरी फोन येतो, 'दस्तगीर, थांबलास का?'

"बायकोबी इतकं इचारत न्हाई, मावशी," तो म्हणाला.

निनाद पुढच्या व्हॉल्व्हच्या ठाण्यावर कामाला गेला. आम्ही दोघं चालू लागलो. पट्ट्यावरून चालणं म्हणजे काही रस्त्यावरून चालणं नव्हे. बांध चढा, ओढा उतरा, नांगरटीत ढेकळं तुडवा. पायाखाली पुरुषभर खोलीच्या आतच पाइप आहे, त्यात पेट्रोल, डिझेल वाहतंय, हे ठाऊक असूनही खरं वाटत नव्हतं. वर एक सातभाई पक्ष्यांचं टोळकं भांडत होतं, बस्स.

दस्तगीर बोलका. पाइप टाकताना तो मजूर म्हणून होता, मग गस्तवाला झाला. पोरगी बारावीला आहे, तिला नर्सिंगला पाठवायचंय. त्याला भीती फक्त कुत्र्यांची. विंचू चालतो, साप चालतो, कुत्रं दिसलं की दस्तगीर माझ्यामागे.

"अरे, मी सासष्ट वर्षांची बाई. मी तुला वाचवणार?"

"कुत्र्याला वय कळत न्हाई, मावशी. तुमी पुडं व्हा."

असे आम्ही एका टेकाडावर चढलो. तिथून खाली सगळा उतार दिसत होता. पिवळे दगड एकामागे एक खाली उतरत ओढ्यापलीकडे गेले होते. मी टेलिफोन खात्यातली बाई. खांबांची रांग बघायची माझ्या नजरेला खोडच आहे. खांब एका रेषेत नसला की तारेला ओढ बसते, हे आमच्या लाइनमननी मला कितीदा सांगितलेलं. मी सहज म्हटलं, "दस्तगीर, तुझा तो खालचा दगड ओळीत का नाही रे? इतका बाजूला कसा, त्या गोठ्यापाशी?"

तो हसला. "त्यो? त्यो तितंच हाय पयल्यापास्नं. शालनकाकीच्या गोठ्याजवळ." मग त्याचं हसू मावळलं. त्यानं काठी डोळ्यासमोर आडवी धरली, वरच्या दगडापासून ओढ्यापलीकडच्या दगडापर्यंत नजर लावली. त्या रेषेत मधे काहीच नव्हतं. नव्हतं म्हणजे दगड नव्हता. एक निळी बोअरची गाडी होती. तिचा लांब खांब आकाशात उभा केलेला होता.

"या अल्ला," दस्तगीर म्हणाला.

मी काय समजायचं ते समजले. दस्तगीर पळत सुटला, जाता जाता यंत्रावरची धोक्याची लाल कळ दाबत. मी मागून. गुडघे वगैरे काही आठवलं नाही. खालून इंजिनाचा आवाज सुरू झाला. मी ओरडायला लागले. माझा आवाज म्हणजे तीन जिल्ह्यांच्या लाइनी एका वेळी सांभाळलेला आवाज, पण त्या इंजिनापुढे त्याचं काही चालेना. आणि मग गोठ्याकडून दोन कुत्री भुंकत आली, चांगली वासराएवढी.

दस्तगीर थांबला नाही. मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते. तो त्या कुत्र्यांच्या मधून गेला. एकानं त्याच्या जाकिटाचा कोपरा धरला, जाकीट फाटलं, हा पुढे. गाडीजवळ हळदीकुंकू वाहून, लिंबू ठेवून, नारळ फोडून एक जागा सजवली होती. वरून लोखंडी दांडा खाली यायला लागला होता. दस्तगीर त्या हळदीकुंकवावर मांडी घालून बसला.

इंजिन बंद झालं. गाडी चालवणारा सेल्वम, तमिळनाडूचा, वरून उडी मारून आला. "ये क्या पागलपन है, भाई?"

आणि त्याच्या मागून शालनकाकी. नऊवारी खोचलेली, पन्नाशीची उंच बाई. "आरं उठ! पूजा केलेली जागा हाय ती! उठ म्हनते न्हवं!"

"काकी, खाली पायप हाय."

"पायप तितं हाय!" तिनं गोठ्याकडं हात केला. "त्यो पिवळा दगड दिसत न्हाई का तुला? रोज तर बघून जातोस!"

गोठ्याजवळच्या पिवळ्या दगडाला एक म्हैस बांधलेली होती. दाव्याचा पीळ दगडाच्या मानेवर झिजून गुळगुळीत झाला होता. म्हशीनं आमच्याकडे पाहिलं आणि रवंथ चालू ठेवला.

मी धापा टाकत बांधावर टेकले आणि हळूहळू सगळा गुंता सुटला. पट्ट्यातला दगड नांगराला आडवा येतो म्हणून शालनच्या नवऱ्यानं तो कधीतरी उपटला आणि गोठ्याशी रोवला, म्हशीला खुंटा झाला. नवरा वारला. शालनला वाटे, दगड जिथे पाइप तिथे. आणि दस्तगीर? तो कुत्र्यांना भिऊन लांबच्या बांधानं जायचा, लांबून पिवळा दगड दिसला की पुढे सरकायचा. त्यानं हे सगळ्यांसमोर मान खाली घालून सांगितलं. जागेवरून मात्र उठला नाही.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. कंट्रोल रूम. "दस्तगीर, लाल कळ का दाबली? थांबलास का?"

"थांबलो न्हाई, साहेब. बसलोय."

"का बसलास?"

"उठलो तर बोअर पडंल."

शालनच्या मागे तिचा थोरला भाऊ उभा होता, गणपतनाना. पंचक्रोशीतला नावाजलेला पाणाड्या (जमिनीखालचं पाणी दाखवणारा). तळहातावर आडवा नारळ ठेवून तो रानातून चालतो, जिथे नारळ उभा राहतो तिथे पाणी. बहिणीच्या रानात त्यानं सकाळी सगळ्यांदेखत ही जागा दाखवली होती. "नारळ ताठ उभा ऱ्हायला हुता," तो म्हणत होता. "आत धार व्हातीय. मला तळहाताला कळतंय. आजवर खोटं पडलेलं न्हाई माजं."

निनाद आला. त्याच्या माणसांनी एक लांब दांड्याचं यंत्र काढलं आणि पट्ट्यावरून चालवत आणलं. यंत्राचा आवाज आधी बारीक, मग दाट, आणि दस्तगीरच्या मांडीजवळ आला तेव्हा सलग. पाइप नेमका तिथेच होता. सेल्वमनं चपला काढल्या, दोन्ही कान धरले आणि मागे सरकला.

 मग गणपतनानानं टोपी काढून डोकं खाजवलं. "म्हंजी... नारळ खोटं बोलला न्हाई. व्हातंय की खाली."

आधी सेल्वमच्या माणसांतला एक हसला, मग निनाद, मग मी. अगदी पोट धरून हसलो आम्ही, भीती उतरताना हसू येतं तसं. शालन तेवढी हसली नाही. ती बांधावर खाली बसली. शेजारीच तिची डाळिंबाची बाग होती, दोन वर्षांची, पहिलाच बहार धरलेला. झाडांच्या बुडात माती भेगाळली होती. टँकरच्या पाण्यावर किती दिवस काढणार? बोअरची गाडी मिळायला तिनं महिना घालवला होता, आणि दुपारी ती दुसऱ्या गावाला जायची होती.

"खालनं तुमचं तेल जातंय," ती निनादला म्हणाली, "रस्त्यानं टँकर जातोय. मधी माजी झाडं वाळत्यात. देशाला मिळालं आसंल लय काय काय. मला काय मिळालं, सांग की रं बाबा!"

दिवाळीला माझ्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार असलेल्या माझ्या भाच्यानं या वेळी थापा मारल्या नाहीत. मला त्याक्षणी तो फार आवडला.  तो तिच्याशेजारी मातीत बसला. "काकी, पाणी आणणं माझ्या हातात नाही. पण पट्टा सोडून कुठेही बोअर घ्या, मी इथून हलत नाही. खाली काही नाही याची खात्री करून देतो, मगच दांडा उतरेल."

सगळ्यांनी सेल्वमकडे पाहिलं. त्याच्या मालकाचे फोनवर फोन येत होते. त्यानं फोन बंद करून खिशात टाकला. "अम्मा, वो आदमी नहीं बैठता तो हम कोई नहीं बचता," तो म्हणाला. "आज हम फिर से पैदा हुआ. एक बोर मारके ही जाएगा."

आता राहिला नाना. तो नारळ हातात घ्यायलाच तयार होईना.  "मी बहिनीचं रान पेटवाय निघालो हुतो," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "आता न्हाई जमायचं. दुसरा मानूस बोलव."

शालन उठली. घरातून नवा नारळ आणला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. "दादा, दुसरा मानूस मला नगो. बघ तू पुन्यांदा."

नाना चालू लागला. मागे शालन, निनाद, यंत्रवाले, सेल्वम, कुत्री आणि मी अशी वरात. ओढ्याच्या वळणावर, वरच्या अंगाला, एका बाभळीपाशी नारळ हलला. कलला. उभा राहिला. निनादनं यंत्र फिरवून पाहिलं, आवाज नाही. पाणाड्यांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे स्वच्छ सांगते. तरी पदराआड मी हात जोडले होते.

गाडी हलली, दांडा उतरला. आधी नुसता पांढरा फुफाटा उडाला, आम्ही सगळे पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे झालो. वेळ जाईना तेव्हा शालननं सगळ्यांना खायला घातलं. बाजरीची भाकरी, मिरचीचा खर्डा आणि वर माडगं (हुलग्याच्या पिठाची गूळ घातलेली पातळ लापशी). काय चव हो! रडवेल्या डोळ्यांनी वाढत होती, पण 'आनी घ्या, मावशी' म्हणायला चुकत नव्हती. चूल नव्हती, गॅसवर झालं होतं सगळं. पोराच्या हट्टानं शेगडी घेतली म्हणाली, पोरगा सीमेवर आहे. "तितं बर्फात त्येंच्या गाड्यांना तेल कोन पोचवतंय?" तिनं मधेच विचारलं.

"आम्हीच," निनाद म्हणाला.

तिनं मान हलवली आणि त्याच्या पानात आणखी एक भाकरी टाकली.

फुफाट्याचा रंग बदलला. पांढऱ्याचा तांबूस झाला, मग ओलसर, मग चिखल उडायला लागला. नाना उठून उभा राहिला. आणि मग गाडीच्या पोटातून खळाळ करून पाणी वर आलं. गढूळ, गार, फवाऱ्यासारखं. फार नाही, दीड इंची असेल, पण डाळिंबाला पुरेसं. सेल्वमची माणसं ओरडायला लागली. नाना तिथेच चिखलात बसून लहान मुलासारखा रडला. मीही रडले, त्यात लपवायचं काय?

शालननं तांब्या भरून घेतला. मला वाटलं देवाला नेतेय. ती सरळ खालच्या रानात गेली. दस्तगीर अजून त्या हळदीकुंकवावर मांडी घालून बसलेला होता. गाडी कधीच हलली होती, पण कुत्री मोकळी होती म्हणून गडी उठत नव्हता.

"घ्ये," तिनं तांब्या त्याच्यापुढे धरला. "पयलं पानी तुला. आता तरी उठ रं, गड्या!"

तो ओंजळीनं पाणी प्यायला. मग त्याची पुन्हा हळदीकुंकवाकडे नजर गेली आणि ओशाळून म्हणाला, "काकी, पूजा मोडली तुमची."

"मोडली न्हाई. तू बसलास म्हनून लागू पडली," शालन म्हणाली. संध्याकाळी निनादच्या माणसांनी पिवळा दगड उपटून त्याच्या मूळ जागी रोवला. म्हशीला लाकडी खुंटा मिळाला. तिला तो मुळीच पसंत पडला नाही.

दुसऱ्या दिवशी म्हसवडहून एसटीनं निघाले. खिडकीतून डिझेलचा वास येत होता. एरवी मी नाकाला पदर लावला असता. त्या दिवशी नाही लावला. मी विचार करत होते. आपण सरकारी म्हटलं की नाक मुरडतो, आणि पुष्कळदा ते मुरडायला कारणही असतं. पेट्रोल महाग आहे ते आहेच, त्यावर मी भांडणारच. पण चौगुल्यांच्या मेथीखालून, शालनच्या डाळिंबांशेजारून, कुणाच्या तरी रानातून काहीतरी वाहत जातं तेव्हा माझी एसटी चालते. एवढी साधी गोष्ट कळायला मला गुडघे झिजवावे लागले. कंपनी म्हणजे काय, तर टाक्या आणि टँकर, हे खरं. पण बरीचशी कंपनी म्हणजे पट्टा सांभाळणारी माणसं. ज्यांच्या जमिनीतून पट्टा गेला ती आणि जी त्यावरून चालतात तीही. निनादला हे कळवलं. त्यानं फक्त बामाची बाटली पाठवून दिली.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी, दुपारी, फोन वाजला. पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज आणि माणसांचा गलका.

"मावशी, शालन बोलतेय म्हसवडची."

"बोल गं! डाळिंबं कशी आहेत?"

"डाळिंबं झ्याक हायत. ते ऱ्हाऊ द्या. शेजारच्या रानात लगीन हाय. मांडवाचं खांब रवायला त्येंनी ते खड्डं पाडायचं यंतर आनलंय, नेमकं पट्ट्यावर! गडी ऐकत न्हाईत. दस्तगीर ईदला सासरवाडीला गेलाय, बदलीचा मानूस सकाळीच चालून गेला. तुमच्या भाच्याचा फोन मला लागंना, दगडावरचा नंबरबी सारखा एंगेज लागतोय."

"अगं बाई! मग आता?"

"मग काय? बसले की."

"कुठे बसलीस?"

"पट्ट्यावर. दस्तगीर बसला हुता तशीच." मागून कुणीतरी पुरुष ओरडला, 'आवं काकी, उठा की आता!' ती त्याच्यावर दुप्पट आवाजात ओरडली आणि पुन्हा माझ्याकडे वळली. "तुमी लावा फोन, मावशी. तोवर मी उठत न्हाई."

माझ्या एका कानाला मोबाइल होता. दुसऱ्या हातानं मी घरातला जुना फोन ओढला आणि निनादचा नंबर फिरवला. घंटा वाजायला लागली.

"बसून राहा, शालन," मी म्हटलं. "जोडून देते."